बरगडीला मार, पोटाला फुगवटा

वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोणांचा असतो. वरच्या त्रिकोणाचं टोक खाली, खालच्याचं वर, आणि दोन्ही टोकं कमरेत एका बिंदूवर टेकलेली. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी आयुष्यभर अशी माणसं रंगवली, तारप्याभोवती फेर धरून नाचवली, देशोदेशी पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र म्हणून त्या दोन त्रिकोणांना तोड नाही. पण आपल्या सगळ्यांच्याच मनात शरीराचा नकाशा साधारण असाच असतो. वर छाती, खाली पोट, मधे कमरेची वेस. छातीचं दुखणं छातीचं, पोटाचं पोटाचं.

आता पालघर-बोईसर पट्ट्यात सहज घडेल असा एखादा प्रसंग घ्या. तारापूर एमआयडीसीत ड्रम घरंगळून कामगाराच्या कुशीवर आदळतो. बोईसर-चिल्हार रस्त्यावर दुचाकी घसरते आणि हँडलचं टोक बरगडीवर बसतं. सातपाटीत एखाद्या मच्छीमाराचा ओल्या फळीवरून पाय सटकतो आणि तो बोटीच्या काठावर आपटतो. आवणीच्या दिवसांत बांध निसरडे होतात, ताडी काढणाऱ्याची पकड सुटते, गोठ्यात बैल शिंग मारतो. मार बरगडीला लागतो, आणि तोही मुका मार, रक्ताचा थेंब नाही. एक्स-रेमध्ये कधी बारीक चीर दिसते, कधी काहीच दिसत नाही, कारण बऱ्याच चिरा एक्स-रेला सापडत नाहीत आणि बरगडीच्या टोकाची कूर्चा तर त्यात उमटतच नाही. दुसऱ्या दिवशी माणूस दवाखान्यात येतो तो मात्र पोटाची तक्रार घेऊन. पोट डब्ब झालंय, जेवण जात नाही, वारा सरत नाही, पँटचं बटण लागत नाही. घरचे म्हणतात, मार लागला कुठे आणि हा सांगतोय काय!

तो बरोबरच सांगत असतो. चुकलेला असतो तो आपला नकाशा.

छाती आणि पोट यांच्यामधला पडदा म्हणजे श्वासपटल. हा पातळ स्नायू सपाट नसतो, घुमटासारखा वर चढलेला असतो. श्वास पूर्ण सोडला की त्याचा उजवा घुमट जवळजवळ स्तनाग्राच्या पातळीपर्यंत, पाचव्या बरगडीच्या आसपास पोहोचतो. या घुमटाखाली जे काही आहे ते सगळं पोट. म्हणजे दीड किलोचं यकृत, जठराचा मोठा भाग आणि प्लीहा हे पोटातले अवयव चक्क बरगड्यांच्या आत राहतात. पावसात आवणी करणारा माणूस डोक्यावरून पाठीवर इरलं घेतो. त्याची पाठ आणि कुशी झाकलेल्या असतात, समोरची बाजू उघडी राहते. खालच्या बरगड्या पोटाच्या वरच्या भागाला अगदी असंच झाकतात. बारा जोड्यांपैकी पहिल्या सात थेट उरोस्थीला जोडलेल्या, आठवी ते दहावी एकमेकींच्या कूर्चेला धरून लटकलेल्या, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच. या खालच्या पाच जोड्या फुप्फुसाच्या जितक्या आहेत, तितक्याच पोटाच्याही आहेत. ‘छातीला लागलं’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते पोटाच्या भिंतीला लागलेलं असतं.

पण भिंतीला धक्का बसला म्हणून आतलं घर फुगावं का? याचं पहिलं धड उत्तर एका मांजराने दिलं.

१८९५ च्या शेवटी राँटगेनला क्ष-किरण सापडले. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी त्या किरणांखाली प्राण्यांचं पचन बघायला लागला. अन्नात बिस्मथचं चूर्ण मिसळलं की जठर आणि आतडी पडद्यावर काळीभोर दिसत. जठरावरून एकामागोमाग एक लाटा सरकताना त्याने पाहिल्या. जिवंत प्राण्याचं पोट न फाडता आतलं काम असं निवांत बसून याआधी कुणी पाहिलं नव्हतं. पण मधूनच लाटा बंद पडत. यंत्र ठीक, किरण ठीक, मग झालं काय? कॅननच्या लक्षात आलं की मांजर घाबरलं, धडपडलं, चिडलं की जठर जागच्या जागी थांबतं. पाठीवरून हात फिरवून त्याला शांत केलं की थोड्या वेळाने लाटा पुन्हा सुरू होतात. १८९८ साली त्याने हे छापलं. भीती आणि वेदना यांत शरीर काय काय करतं याचा ध्यास त्याला लागला तो या थांबलेल्या जठरापासून, आणि संकटात ‘लढा किंवा पळा’ ही आज सगळ्यांच्या तोंडी असलेली कल्पना त्यातूनच पुढे आली.

कॅननला दिसलं ते बरगडी मोडलेल्या माणसातही घडतं. वेदना हे शरीराच्या लेखी संकट आहे. संकटात रक्त हवं स्नायूंना आणि हृदयाला, पचन थांबलं तरी चालेल. तसा हुकूम मज्जारज्जूतून निघणाऱ्या सिम्पथेटिक नसांमार्फत आतड्यांपर्यंत जातो. आता या नसांचा उगम बघा. जठर आणि लहान आतड्यांना थांबवणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या छातीतल्या पाचव्या ते बाराव्या खंडातून निघतात. आणि खालच्या बरगड्यांच्या वेदना मज्जारज्जूत शिरतात त्याही याच खंडांतून. ‘बरगडी दुखतेय’ ही वर्दी आणि ‘आतडी थांबवा’ हा हुकूम एकाच मजल्यावरून ये-जा करतात. मेंदूला पत्ता लागायच्या आधीच तिथल्या तिथे बरंच काही ठरून जातं.

हुकूम पाळणारी आतडीसुद्धा काही मुकी नळी नव्हे. लिओपोल्ड आउअरबाखने १८६२ मध्ये आतड्याच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये नसांचं एक जाळं शोधलं. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पसरलेल्या अशा जाळ्यांत १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. शरीरातून बाहेर काढलेला आतड्याचा तुकडासुद्धा योग्य द्रावात ठेवला तर अन्न पुढे ढकलण्याची हालचाल करत राहतो, कारण त्याला मेंदूला विचारावं लागत नाही. उपाशी असतानाही दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्याच्या टोकाकडे एक सफाईची लाट जाते. पोटातली ती गुरगुर बहुतेक वेळा तिचीच. मार लागल्यावर ही सगळी स्वायत्त यंत्रणा काही काळ संपावर जाते. डॉक्टर याला पॅरॅलिटिक इलियस म्हणतात, आतड्यांचा तात्पुरता लकवा म्हणा हवं तर. बरगडीचं मागचं टोक मणक्याशी मोडलं आणि पोटाच्या मागच्या पडद्याआड थोडं रक्त साकळलं, तर हा लकवा आणखी लांबतो. स्टेथोस्कोप पोटावर ठेवला की एरवी ऐकू येणारी कुरकुर गायब असते.

आतडी थांबली हे कळलं, पण फुगण्यासाठी लागणारी हवा कुठून आली? वाटाणे-हरभऱ्यांना दोष देण्याची आपली सवय आहे, इथे मात्र ते निर्दोष आहेत. निरोगी माणसाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर वायू असतो. त्यातला काही जंतूंनी बनवलेला, काही गिळलेला. बरगडी दुखते तेव्हा माणूस खोल श्वास घेत नाही. उथळ, तुटक, तोंडाने श्वास घेतो, तोंड कोरडं पडतं म्हणून सारखा आवंढा गिळतो, कण्हतो, घोट-घोट पाणी पितो. प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा आत. एरवी ती ढेकरेने परत येते, पण ढेकर द्यायलाही बरगड्या आणि श्वासपटल हलावं लागतं, आणि तिथे तर कळ येते.

गिळलेल्या हवेचा खरा चिवट भाग नायट्रोजन. हवेत तो ७८ टक्के. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड आतड्याच्या भिंतीतून रक्तात झपाट्याने विरतात. नायट्रोजन मात्र फारसा शोषला जात नाही, कारण रक्तात तो आधीच तेवढाच भरलेला आहे. त्याला बाहेर पडायला वरची किंवा खालची, दोनच दारं. आतडी चालत नसतील तर तो आतच अडकून राहतो. मिनेसोटाच्या ओवेन वँगनस्टीन या शल्यचिकित्सकाने १९३० च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की बंद पडलेल्या आतड्यातली बहुतेक हवा आंबवण्यातून येत नाही, गिळलेली असते. अन्ननलिकेची वाट बंद केली तर आतडं तसं फुगतच नाही. मग त्याने नाकातून जठरात नळी सोडून हलक्या ओढीने हवा आणि द्रव बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. तोवर अशा फुगलेल्या पोटांनी माणसं मरत होती, ती या साध्या रबरी नळीने वाचायला लागली. आजही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाकात नळी घातलेला रुग्ण दिसतो, ती नळी त्याच घराण्यातली.

वेदनाशामकं या फुगवट्यात स्वतःची भर घालतात, हे थोडक्यात सांगतो. अफूपासून निघालेल्या मॉर्फीन-कोडीनसारख्या औषधांना आणि ट्रॅमाडॉलला प्रतिसाद देणारे ग्राहक जसे मेंदूत आहेत तसेच आउअरबाखच्या त्या जाळ्यातही आहेत. कळ थांबते आणि आतडीही थांबतात. अफूने जुलाब बांधतात हे आपल्या आजीबाईंच्या बटव्याला फार पूर्वी ठाऊक होतं. म्हणून गोळी सोडून द्यावी असं मात्र नाही. कळ थांबली नाही तर श्वास खोल जात नाही, फुप्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. उतारवयात हा धोका फार खरा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांपुढच्या रुग्णांमध्ये मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणूनच पूर्वी छातीवर आवळून पट्टे बांधत ते आता बांधत नाहीत, आणि हातात तीन गोळ्यांचं ते फुंकर-खेळणं देतात. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, हे मात्र प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं.

यापुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते आणि तीत एक नस दडलेली असते. वरच्या सहा नसा उरोस्थीपाशी थांबतात. सातवीपासून खालच्या नसा मात्र बरगडी संपली तरी थांबत नाहीत. त्या कूर्चेखालून सरळ पोटाच्या भिंतीत उतरतात. बेंबीभोवतीच्या त्वचेची जाणीव दहावी नस वाहते. पोट आत धरून ठेवणारे स्नायूही याच नसांवर चालतात. तुमची बेंबी अशी बरगडीमार्गे मज्जारज्जूला जोडलेली आहे. त्यामुळे पाठीकडे दहाव्या बरगडीला मार लागला तर कळ बेंबीपाशी उमटू शकते आणि माणूस शपथेवर सांगतो की दुखणं पोटातच आहे. आणि ती नसच चेंगरली तर? त्या पट्ट्यातला स्नायू सैल पडतो आणि पोटाची एक बाजू बाहेर येते. दिसायला अगदी हर्निया, पण हात लावून बघावं तर भोक कुठेच नाही, आत वायूही जास्त नाही. नागीण झालेल्या काही रुग्णांतही असाच एकतर्फी फुगवटा येतो, कारण नागीण त्याच नसेत उठलेली असते. नस सावरली की काही महिन्यांत बहुतेकांचं पोट पुन्हा जागेवर येतं.

नस शाबूत असूनही, वायू न वाढताही, पोट फुगू शकतं. ज्यांचं पोट वारंवार फुगतं अशा लोकांचे फुगलेल्या आणि न फुगलेल्या वेळचे सीटी स्कॅन बार्सिलोनाच्या संशोधकांनी ताडून पाहिले. अनेकांमध्ये वायूत नाव घेण्याजोगा फरकच नव्हता. बदललेलं होतं ते श्वासपटल. ते खाली दबलं होतं आणि पोटाची पुढची भिंत सैल सुटली होती. जागा वरून कमी झाली म्हणून आतडी पुढे आली, इतकंच. बरगडी जपत, अर्धवट श्वासावर दिवस काढणाऱ्या माणसाचं श्वासपटलही नेहमीच्या लयीत राहत नाही. ‘गॅस झालाय’ म्हणून सोड्याच्या बाटल्या रिचवणाऱ्याच्या पोटात कदाचित पहिला जादा गॅस त्या सोड्याचाच असेल.

इथवरचं सगळं त्रासदायक असलं तरी बहुधा चार-सहा दिवसांत निवळणारं. पण पोट फुगण्याचं एक कारण असं आहे की ज्यासाठी रात्रीच गाडी काढावी लागते. ते म्हणजे आत होणारा रक्तस्राव, आणि त्यात पहिला संशय प्लीहेवर.

प्लीहा, म्हणजे जुन्या लोकांची पानथरी, डाव्या कुशीत राहते. तिच्यासाठी वैद्यकाचे विद्यार्थी एक विषम संख्यांची माळ पाठ करतात. १ इंच जाड, ३ इंच रुंद, ५ इंच लांब, वजन ७ औंस, आणि मुक्काम ९ ते ११ या बरगड्यांखाली. सात औंस म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, पण या एवढ्याशा अवयवातून मिनिटाला जवळपास पाव लिटर रक्त वाहतं. वर कवच पातळ, आत सगळं रक्ताने भिजलेलं. डाव्या खालच्या बरगड्या मोडल्या की डॉक्टर आधी सोनोग्राफी करून प्लीहा बघतात, उजव्या मोडल्या की यकृत.

पालघरच्या डोंगरपट्ट्यात या गोष्टीला एक जुनं परिमाण आहे. मलेरियात प्लीहा वाढते. निरोगी प्लीहा बोटांना लागत नाही. वाढलेली बरगडीच्या कडेखालून बाहेर डोकावते, म्हणजे इरल्याबाहेर भिजत उभी राहते. एखादं गाव किती मलेरियाग्रस्त आहे हे ठरवायला पोरांना ओळीत उभं करून किती जणांची प्लीहा हाताला लागते हे मोजण्याची रीत हिंदुस्थानातच, १८४० च्या दशकात, डेम्प्स्टर नावाच्या लष्करी डॉक्टरने घालून दिली. बरगडीची कड ही मोजपट्टी आणि बोटं हे माप. इथल्या आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात कथा थोडी वेगळी आहे. त्यात प्लीहा आधी वाढते आणि पुढे बहुतेकांत आक्रसून निकामी होते. वाढलेली प्लीहा मात्र खरोखरच हलक्या माराने फुटू शकते.

आणि या खऱ्या गोष्टीचा इंग्रजी अमलात कसा वापर झाला तेही नोंदवलं पाहिजे. १८७५ साली आग्र्यात फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने गाडी वेळेवर आणली नाही म्हणून आपल्या सईसाला, काटवारूला, मारलं. काटवारू मेला. शवविच्छेदनात प्लीहा फुटलेली निघाली. न्यायाधीशाने फुलरला ३० रुपये दंड केला. १८७६ साली व्हाइसरॉय लिटनने त्या न्यायाधीशावर जाहीर ताशेरे ओढले, त्यावर गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी उलट लिटनवरच आग पाखडली. ‘प्लीहाच मोठी होती, साहेबांचा काय दोष’ हा बचाव त्या काळात इतक्या खटल्यांत पुढे आला की तो एक क्रूर विनोदच होऊन बसला. शरीरशास्त्र खोटं नव्हतं. पण नाजूक प्लीहेच्या माणसाला मारणं म्हणजे कमी मारणं, हा निष्कर्ष शरीरशास्त्राने कधीच काढलेला नाही.

जेवून लगेच बसलेल्या हिसक्यांचा आणि वाहनातल्या धक्क्यांचा प्लीहेशी संबंध चरकसंहितेतही जोडलेला आहे. प्लीहोदराच्या, म्हणजे प्लीहा वाढून मोठ्या झालेल्या पोटाच्या, कारणांत तिथे ही नोंद येते. आधुनिक शल्यचिकित्सेला वेगळीच एक गोष्ट छळत आली. प्लीहा कधी कधी उशिरा फुटते. कवचाखाली रक्त साकळतं, माणूस बरा दिसतो, घरी जातो, आणि दोन दिवसांनी, आठवड्याने, क्वचित त्याहूनही उशिरा ते कवच फाटतं. फ्रान्सच्या बोदे यांनी १९०२ च्या सुमारास हा फसवा शांत काळ नोंदवला आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणून ‘तीन दिवस झाले, आता काय व्हायचंय’ हे वाक्य डाव्या कुशीच्या माराबाबत मी कधी ऐकून घेत नाही.

रक्त पोटात साठायला लागलं की एक अजब खूण दिसू शकते. दुखतो तो डावा खांदा. खांद्याला काहीही लागलेलं नसतं. हान्स केर या जर्मन शल्यचिकित्सकाच्या नावाने ही खूण ओळखतात. रक्त श्वासपटलाला चुरचुरवतं, आणि श्वासपटलाची नस येते मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या खंडातून. खांद्याची त्वचाही तिथलीच. पण छातीच्या तळाला असलेल्या पडद्याची नस मानेतून का यावी? कारण गर्भ चार आठवड्यांचा असताना श्वासपटलाची सुरुवात मानेपाशीच होते. पुढच्या काही आठवड्यांत ते खाली सरकत जातं आणि आपली नस मागे ओढत नेतं. आईच्या पोटात केलेल्या त्या प्रवासाची खूण पन्नाशीच्या माणसाच्या खांद्यात उमटते.

मुका मार किती फसवतो हे मुंबईने १९८२ मध्ये पाहिलं. जुलै महिन्यात बेंगळुरूला ‘कुली’च्या चित्रीकरणात एका मारामारीच्या दृश्यात अमिताभ बच्चन टेबलाच्या काठावर आदळले. बाहेर जखम दिसण्यासारखी नव्हती, आणि आत काय झालंय ते पटकन कळलं नाही. पुढे पोट उघडल्यावर लहान आतडं फाटलेलं निघालं. नंतर मुंबईच्या ब्रीच कँडीत पुन्हा शस्त्रक्रिया आणि जीवघेणे आठवडे. सप्टेंबरअखेर ते घरी गेले. चित्रपटात ते दृश्य क्षणभर गोठवून खाली तशी सूचना दाखवतात. योगायोग असा की २०२३ च्या मार्चमध्ये हैदराबादेत चित्रीकरण करताना याच गृहस्थांची उजव्या बाजूची बरगडीची कूर्चा मोडली. त्या वेळी घरी विश्रांतीवर भागलं.

यातलं कुठलं पोट कुठल्या प्रकारचं, हे ओळखण्याची सगळ्यात जुनी युक्ती बोटांत आहे. पोटावर डाव्या हाताचं बोट ठेवून त्यावर उजव्याने टिचकी मारायची. हवा असेल तर पोकळ, घुमणारा आवाज. द्रव असेल तर बद्द. ग्राट्झच्या एका खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर याने छाती ठोकून तपासण्याची रीत १७६१ मध्ये ग्रंथबद्ध केली. वडील दारूची पिंपं ठोकून भरलेलं-रिकामं ओळखत, त्यावरून सुचलं असं सांगतात. पण वायूने भरलेल्या पोटावर आघात केला की फुगवलेल्या चामडी पिशवीसारखा आवाज येतो, हे चरकसंहितेत वातोदराच्या वर्णनात कितीतरी आधी लिहून ठेवलेलं आहे. वैद्याच्या कानाची ही परंपरा आपण नीट मिरवत नाही, आणि भलतंच काहीतरी मिरवतो.

टिचकीला मर्यादा आहे. पोटाच्या पोकळीत लिटरभर रक्त साचलं तरी बाहेरून पोट फारसं मोठं दिसत नाही, इतकी ती पोकळी सामावून घेणारी आहे. त्यामुळे पोटाचा घेर मोजत बसण्यापेक्षा माणूस बघावा. चेहरा पांढरा पडला, थंड घाम फुटला, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, नाडी पळायला लागली, कळ तासागणिक वाढत गेली, पोट लाकडासारखं कडक झालं, खांदा दुखू लागला, उलट्या थांबेनात, लघवीत रक्त दिसलं, धाप लागली, तर १०८ ला फोन. या पट्ट्यात मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते आणि महामार्गाचा भरवसा नाही, म्हणून निर्णय लवकर घ्यावा हे बरं. कुशीवर तेल लावून चोळून घेणं, उसण काढणाऱ्याकडे जाणं, पोटावर आवळून फडकं बांधणं, स्वतःच्या मनाने जुलाबाचं औषध घेणं, हे तपासणी होईपर्यंत मुळीच नको. पूर्वी फुटलेली प्लीहा दिसली की काढूनच टाकत. आता रक्तदाब स्थिर असेल तर रुग्णालयात नजरेखाली ठेवून बऱ्याच प्लीहा वाचवतात, पण त्यासाठी आधी रुग्णालयात असावं लागतं.

साध्या फुगवट्याचं म्हणाल तर संप मिटण्याचा क्रम ठरलेला असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत तो नीट पाहिला गेला आहे. लहान आतडं सगळ्यात आधी, बहुधा दिवसाभरात जागं होतं, जठर एक-दोन दिवसांत, आणि मोठं आतडं सगळ्यांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी. म्हणून वॉर्डात सकाळच्या फेरीला आलेला मोठा सर्जनही चारचौघांत, न लाजता एकच प्रश्न विचारतो, “वारा सरला का?” घरात ज्या गोष्टीवरून पोरांना दटावतात, तिची तिथे सगळं घर वाट बघत असतं. उशी छातीशी धरून खोकणं, जमेल तसं चालणं, थोडं थोडं जेवणं, गोळी वेळेवर घेणं, एवढ्याने बहुतेकांचं काम होतं.

बरगडी जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. पाय मोडला तर प्लास्टर घालून त्याला गप्प बसवता येतं, बरगडीला ती सोय नाही. दिवसाला अंदाजे २०,००० श्वास धरले तर सहा आठवड्यांत ८ लाख ४० हजार वेळा ती हलते, आणि हलता हलताच जुळते. मोडल्या जागी आधी मऊ कूर्चेचा गोळा धरतो, मग तो हाड होतो. या गोळ्याला अगदी बारीकशी हालचाल मानवते, हे हाडवैद्यकाला बऱ्याच उशिरा कळलं.